१९ फुटी घ्यायची की २४ फुटी? पॉवरबोट निवडताना काय काय बघायचं

कागदावर फरक फक्त पाच फुटांचा दिसतो आणि बरेच जण इथेच फसतात. लांबी वाढली की रुंदी आणि उंचीपण वाढते, म्हणजे १९ ची २४ झाली की लांबी जेमतेम सव्वापट पण आकारमान जवळजवळ दुप्पट. इंजिन, पेट्रोल, ट्रेलर, ठेवायची जागा, सगळा हिशोब मग त्या दुपटीच्या अंगाने जातो.

आधी ठरवा की बोट कुठल्या पाण्यात चालवणार आणि दरवेळी किती जण असणार. वर्षातून दोनदा येणारे पाहुणे यात धरूच नका. तलाव किंवा संथ नदी असेल, चार-पाच जण असतील तर १९ फुटी मस्त पुरते, माझं मत विचाराल तर तिथे मोठी घेऊच नये. पण समुद्र किंवा मोठं उघडं पाणी असेल, दुपारी वारा सुटत असेल तर २४ च बघा, तिथे काटकसर नको. छोटी बोट प्रत्येक लाटेवर चढते-उतरते, लांब बोट बारीक लाटांवरून सरळ निघून जाते.

तरी नुसत्या लांबीवर जाऊ नका, वाकून तळ बघा. मागच्या टोकाला तळाच्या व्ही चा कोन (आडव्या रेषेपासून मोजलेला) २०-२४ अंश असेल तर तो लाट कापत जातो, चपटा तळ कमी ताकदीत प्लेनवर येतो, म्हणजे वेगात पाण्यावर उचलला जाऊन सरकायला लागतो, पण लाटेवर धाडधाड आपटतो आणि कंबर धरते. खोल व्ही ची बोट थांबल्यावर जरा जास्त डुलते, मासेमारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, फुल थ्रॉटलला १०० एचपीमागे तासाला साधारण ३०-३५ लिटर. म्हणजे १५० एचपीला पन्नासच्या आसपास आणि ३०० एचपीला शंभरच्या. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला राखीव, असं धरून बघा की तुमची नेहमीची फेरी बसते का.

बोट ट्रेलरवर नेणार असाल तर ब्रोशरमधल्या वजनावर विसंबू नका, त्यात बऱ्याचदा पेट्रोल, सामान आणि कधीकधी आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन) सुद्धा धरलेलं नसतं. नुसतं २०० लिटर पेट्रोलच १५० किलोच्या घरात जातं, वर ट्रेलरचं वजन वेगळं. एकदा भरलेली बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर घ्या आणि मग गाडीची ओढायची क्षमता बघा.

आता ट्रायल. विक्रेता एकट्याला फिरवून आणतो तेव्हा कुठलीही बोट पळते, तुम्ही घरचे सगळे घेऊन जा. बसल्यावर थ्रॉटल द्या आणि नाक खाली येऊन बोट प्लेनवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. नाक बराच वेळ वरच राहिलं, समोरचं पाणीच दिसेना, तर इंजिन कमी पडतंय. एक चक्कर पुढच्या सीटवर बसून मारा, हादरे तिथे सगळ्यात जास्त बसतात.

आणि आडवा वारा असताना दोन्ही बोटी जेट्टीला स्वतः लावून बघा, निदान तीन-तीनदा. हळू वेगात मोठ्या बोटीच्या उंच बाजूवर वारा भरतो आणि ती ढकलली जाते, १९ फुटी बोट एक माणूस दोरी धरून ओढून घेतो, २४ फुटीला ते जमत नाही, तिथे थ्रॉटल आणि स्टिअरिंगनेच सावरावं लागतं. कितीही जवळ आली तरी मधे हात-पाय घालू नका. रोज जो चालवणार आहे त्यालाच हे करायला द्या.