पुण्यात स्थायिक झालेल्या सर्जनला आमदारकी लढवायची असेल तर

मूळ गाव कलबुर्गी, पाटणा की इंदूर, यावरून उमेदवारी अर्ज बाद होत नाही. विधानसभेसाठी भारतीय नागरिकत्व, वयाची २५ वर्षं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव एवढं पुरतं. राज्यात किती वर्षं राहताय, हे कायदा विचारत नाही. अर्ज अडतो तो कागदांवर.

परदेशातून परतलेल्यांनी आधी पासपोर्ट बघावा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदार होता येत नाही आणि उमेदवारही. तेलंगणात वेमुलवाडातून चार वेळा निवडून आलेल्या माजी आमदारांना २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जर्मन नागरिक ठरवलं.

दुसरं, मतदारयादी. गावाकडचं नाव तसंच ठेवून पुण्यात नवीन नोंदणी करू नका. दोन ठिकाणी नाव असणं बेकायदा आहे. फॉर्म ८ भरून पत्ता बदलून घ्या. अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. राहता कोथरूडला आणि लढता हडपसरमधून, तर कोथरूडच्या यादीतल्या तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडा. झेरॉक्स चालत नाही. पुणे कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे दुसऱ्या राज्याचा जातीचा दाखला घेऊन जाण्यात अर्थ नाही. जात महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतली लागते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो; अपक्षाला दहा लागतात. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, आणि डॉक्टरांचं इथेच फसतं. हॉस्पिटलचा स्टाफ, भूलतज्ज्ञ मित्र, सोसायटीतले शेजारी सह्या करतात, पण त्यातला एक खडकवासल्याचा, दुसरा वडगाव शेरीचा निघतो. सही घेण्याआधी प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात. अपक्षाने निदान दोन अर्ज वेगवेगळ्या सूचकांचे भरावेत.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. रोख द्या किंवा कोषागारात भरून पावती जोडा. चेक घेत नाहीत. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ याच वेळेत घेतले जातात. उमेदवाराने घ्यायची संविधाननिष्ठेची शपथ अर्जांच्या छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेता येते. छाननीच्या दिवशी सकाळी घेऊ म्हटलं, तर उशीर झालेला असतो.

नमुना २६ चं शपथपत्र सर्जनसाठी सर्वात नाजूक. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो लिहावाच लागतो, तुमच्या मते तो कितीही खोटा असला तरी. ग्राहक आयोगातला भरपाईचा दावा दिवाणी स्वरूपाचा, तो गुन्ह्यांच्या रकान्यात येत नाही. गुन्हा प्रलंबित असेल तर प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करायचा, आणि तो खर्च तुमचा. मागच्या दहा वर्षांत सरकारी क्वार्टरमध्ये राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोनचं थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच मागा. एकही रकाना कोरा नको. काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. सरकारी नोकरीत असाल तर नुसता राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचं पत्र हातात हवं.

अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. एका व्यक्तीला किंवा दुकानदाराला १०,००० पेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका. हॉस्पिटलची गाडी प्रचाराला फिरवली तर बाजारभावाने तिचं भाडं तुमच्या खर्चात धरलं जातं. आचारसंहिता लागल्यावर मोतीबिंदूचं मोफत शिबिर ठेवलंत, तर ते मतदाराला आमिष ठरू शकतं. वर्षानुवर्षं दर रविवारी होत आलंय, हा बचाव टिकेलच असं नाही. शिबिर घ्यायचंच तर निवडणुकीच्या घोषणेच्या आधी उरका.

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, पडलेल्या उमेदवारानेही. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ओपीडी परत सुरू झाली की नेमकं हेच राहून जातं.