यादीत सगळ्यात वर बूच

तापीवरच्या छोट्या कयाक शर्यतीच्या तयारीची यादी करायला बसलो की पहिला शब्द हात आपोआप लिहितो: बूच. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची लांबट होडी. प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाकला मागच्या टोकाशी अंगठ्याएवढं एक बूच असतं, आत शिरलेलं पाणी काढून टाकायला. दोन वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी ते काढलं, बोट उभी करून रिकामी केली आणि बूच शर्टाच्या खिशात टाकलं. शर्ट धुवायला गेला. सकाळी पहिला किलोमीटर झकास झाला. दुसऱ्यात बोट जडावली, मला वाटलं आपलाच दम कमी पडतोय. वळायची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या ड्रमपाशी मागचं टोक पाण्याला टेकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून बूच सुतळीने बोटीच्या मुठीला बांधलेलं असतं आणि एक जास्तीचं जेवणाच्या डब्यात.

आपल्यासारख्या हौशी लोकांची शर्यत तीन ते पाच किलोमीटरची. दहा-बारा फुटी बोटीतून चार किलोमीटरला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. घरी राहिलेली वस्तू, सैल पायटेकण, काखेत घासणारा पट्टा, यांची भरपाई करायला तेवढ्यात वेळच मिळत नाही. म्हणून दंड फुगवण्यापेक्षा आदल्या पंधरवड्यातली किरकोळ कामं मी जास्त मनावर घेतो.

आधी पाणी आणि तारीख. खानदेशात संथ पाणी म्हणजे अडवलेलं पाणी. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाते, पण सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथली बॅरेज, म्हणजे दरवाजे लावलेले बंधारे, होण्याआधी उन्हाळ्यात आपल्याकडे नदी कमी आणि वाळू जास्त दिसायची. आता दरवाजे बंद असले की काठोकाठ पाणी उभं राहतं, आणि बेताचं वल्हवणाऱ्यालाही ते झेपतं. पावसाळ्यात दरवाजे उघडे असताना तिकडे फिरकूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी सोडणार आहेत का याची चौकशी करा, आणि बॅरेजच्या भिंतीपासून लांब राहा. तिथे पाणी वरून शांत दिसतं, त्या शांतपणावर जाऊ नका. सारंगखेड्याला शर्यत असेल तर पंचांगही बघा. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची मोठी यात्रा भरते, आणि त्या दिवसांत दोंडाईच्याकडून येणाऱ्या रस्त्यावर गाडीच्या टपावर बोट बांधून शिरणं म्हणजे स्वतःहून आफत ओढवून घेणं. आम्ही एकदा शिरलो होतो. बोटीपेक्षा घोडे आधी पोहोचले.

पाण्यात काय आहे हे आदल्या दिवशी काठावरून चालत जाऊन बघायचं, आणि माहिती विचारायची ती मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना. जाळं कुठे टाकलंय हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं धरून चाला. जाळं फाटलं तर त्या घरची दिवसाची कमाई गेली, आणि पॅडल (आपलं वल्हं) अडकलं तर आपण उलटे. काठाजवळ शेतीच्या मोटारी, त्यांचे पाइप आणि विजेच्या केबल असतात. त्यांच्या आसपास बोट अजिबात न्यायची नाही, जवळचा मार्ग सापडला तरी नाही. बॅकवॉटरमध्ये, म्हणजे बंधाऱ्यामागे पसरलेल्या पाण्यात, बुडालेल्या वेड्या बाभळीची खोडं पाण्याखाली वीतभर असतात, ती बोटीच्या तळापेक्षा उलटलेल्या माणसाला जास्त लागतात. आणि वारा. सारंगखेड्याच्या काठावर एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "दुपारले वारा उना का नाव मांगे जास, भो." म्हणजे दुपारी वारा आला की नाव मागे जाते. नदी पश्चिमेला जाते, त्यामुळे वारा समोरून पश्चिमेचा सुटला तर खाली जातानाच छातीवर लाटा येतात. म्हणून सुरुवात सकाळी आठच्या आतच हवी. आयोजक दहाची वेळ सांगत असतील तर त्यांच्याशी भांडा. सत्कार आणि भाषणं नंतरही होतात.

शर्यत तुम्हीच भरवत असाल तर जलसंपदा विभाग, पोलीस ठाणं, ग्रामपंचायत आणि तिथली मच्छीमार संस्था, या चौघांना महिनाभर आधी भेटा. १०८ची रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने काठापर्यंत येऊ शकते हेही पाहून ठेवा. शेतातल्या गाडीवाटेवर तिला पत्ता सापडत नाही.

आता बोट. भाड्याची असो की स्वतःची, शर्यतीच्या आठवडाभर आधी तिच्यात बसून पायटेकण जुळवा. गुडघे किंचित वाकलेले, टाचा मध्यभागी, पाठ टेकणावर रेललेली नाही. पायांना आधार मिळाला की जोर कमरेतून निघतो. तो नसेल तर नुसत्या दंडाने वल्हवत तुम्ही दुसऱ्या किलोमीटरला खांदे धरून बसाल. पॅडल साधारण २२० ते २३० सेंटिमीटरचं पुरतं. बोट अरुंद आणि माणूस बुटका असेल तर त्याहून थोडं आखूड घ्या. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला, कमरेपाशी बाहेर काढा. त्याच्या मागे ओढत नेलं तर बोट पुढे जाण्याऐवजी बाजूला वळते. मूठ सैल ठेवा. नवखा माणूस दांडा सायकलच्या ब्रेकसारखा आवळतो आणि अर्ध्या वाटेत अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. त्या जागी आधीच चिकटपट्टी लावा.

सरावाला तीन आठवडे पुरतात. आठवड्यात तीनदा पाण्यावर, त्यातल्या एका दिवशी शर्यतीपेक्षा किलोमीटरभर जास्त, एका दिवशी मिनिटभर जोरात आणि दोन मिनिटं हळू असं सहा वेळा. तिसऱ्या दिवशी उलटायचं. हो, मुद्दाम. कमरेएवढ्या पाण्यात, कोणीतरी शेजारी उभं असताना बोट उलटी करायची, बाहेर यायचं, बोट धरून ठेवायची, पुन्हा वर चढायचं. हे पाच वेळा केलेला माणूस शर्यतीत उलटला तरी हसतो. न केलेला बोट सोडून काठाकडे पोहायला निघतो, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. बोट तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. शर्यतीआधीचे दोन दिवस पॅडल भिंतीला टेकवून ठेवा.

लाइफ जॅकेटची गोष्ट मात्र थोडी ताणून सांगतो, कारण आपल्याकडे त्याची चेष्टा होते. "आम्ही तापीत लहानपणापासून पोहतो" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय, आणि बोलणाऱ्यांपैकी निम्मे पाण्यात दमल्यावर माझ्याच बोटीला लोंबकळलेत. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत चढलं तर ते तुमचं नाही. स्वस्तातल्या नारिंगी जॅकेटचा फोम कालांतराने दबतो. काठाजवळच्या पाण्यात घालून उभं राहा, पाय उचला, हनुवटी पाण्याच्या वर राहते का ते बघा. जॅकेटला शिट्टी बांधा. जॅकेटवर बसून जेवू नका, फोम त्यानेच मरतो.

कपड्यांत सुती काहीही नको, विशेषतः जीन्स नको. पटकन वाळणारी अर्धी पँट किंवा लेगिंग्ज, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टोपी. ओढणी आणि गळ्यातल्या लांब माळा काठावर. चष्म्याला मागून दोरी. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे पहाट चांगलीच बोचरी असते, पण स्वेटर अंगात ठेवून पाण्यावर जायचं नाही. तो काठावर काढा आणि विश्वासू माणसाकडे द्या. त्याच माणसाकडे गाडीची किल्लीही द्या. किल्ली खिशात ठेवून उलटलेल्या एका मित्राला आम्ही संध्याकाळी बसने घरी पाठवलं होतं. पायात चपला नकोत. काठाचा काळ्या मातीचा चिखल त्या गिळतो, पाय वर येतो आणि चप्पल तिथेच राहते. मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घ्या.

खाण्याबद्दल जीव तुटतो, तरी सांगतो. हा हंगाम भरीत पार्ट्यांचा. शेतात हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा, मध्यरात्रीपर्यंत गप्पा. आदल्या रात्री हे नको. लाल तर्रीची शेवभाजीही नको. बोटीत पुढे वाकून बसल्यावर तिखट कुठे जाणवतं ते अनुभवाशिवाय कळत नाही. वरण-भात किंवा खिचडी खाऊन लवकर झोपा. सकाळी दीड-दोन तास आधी थोडे पोहे, आणि अर्धा तास आधी एक केळं. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शर्यतीआधी पहिलं, शर्यतीनंतर दुसरं, असा आमच्याकडे क्रम आहे. नदीचं पाणी प्यायचं नाही. घरून आणलेल्या लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. त्यातलं घोटघोट प्यायचं.

शर्यत सुरू होताना वीस बोटी एका रेषेत आणि सगळ्यांना पुढे जायचं. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी हजार मीटरच्या दुहेरी कनूत कांस्यपदक मिळवलं, त्याचे व्हिडिओ पाहून आलेले नवे गडी पहिल्या शिट्टीला तसेच तुटून पडतात. कनूत ते दोघे एका गुडघ्यावर टेकून, एका पात्याचं वल्हं प्रत्येकी आपापल्या एकाच बाजूने मारतात, आणि त्यांची बोट सुरीसारखी. आपली दहा फुटी, रुंद. तिला ताशी साडेसात-आठ किलोमीटरच्या वर न्यायला गेलं की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. दम दुप्पट जातो आणि वेग तसूभर वाढतो. म्हणून पहिली दोनशे मीटर कडेने, मोकळ्या पाण्यात काढा. मग आपल्यापेक्षा थोडा सरस असलेला एखादा हेरा आणि त्याच्या मागच्या लाटेवर आपल्या बोटीचं नाक ठेवा. जोर कमी लागतो. फक्त त्याच्या बोटीला टोचू नका, आणि शेवटी पुढे जाताना निदान हाक तरी मारा. ड्रमला वळताना थोडं लांबून आत या, बाहेरच्या बाजूचं पातं पुढून मागे मोठ्या चंद्रकोरीसारखं फिरवा. ड्रमला चिकटून वळायला गेलेल्यांची तिथे हमखास कोंडी होते. त्या कोंडीतून दोन जागा फुकट मिळतात.

गाडीच्या डिकीत शेवटी टाकायचं ते असं: कोरडे कपडे, पंचा, चिखल धुवायला पाण्याचा कॅन, टपावर बोट बांधायचे जास्तीचे दोन पट्टे, बाहेर आलेल्या टोकाला लावायला लाल फडकं. आणि लहान मापाची दोन लाइफ जॅकेटं. शर्यत संपली की काठावरच्या गावातली पोरं बोटीभोवती जमणारच, एक चक्कर मागणारच. ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली पोहतात. तरी जॅकेट घातल्याशिवाय बसवायचं नाही, आणि बूच लावलंय का ते त्यांनाच बघायला सांगायचं.