राघू आणि रघुनाथ एकच इसम

गावाकडची पोरं फोन करून विचारतात, "दादा, भरतीची तयारी कुठून सुरू करू?" मी पुस्तकांची नावं सांगत नाही. विचारतो, "आजी आहे का अजून? तिला बुडालेल्या शेताचं नाव आठवतं का बघ." पोरांना वाटतं मी चेष्टा करतोय.

मी कोयना प्रकल्पग्रस्त कुटुंबातला तिसऱ्या पिढीचा. आज तलाठी आहे. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण चावडीवर येणारा माणूस 'तलाठी भाऊसाहेब' अशीच हाक मारतो. २०२३ च्या भरतीत प्रकल्पग्रस्तांच्या समांतर आरक्षणातून लागलो. धरणग्रस्त घरातून पहिल्यांदा या वाटेला येणाऱ्यांना थोडा उपयोग होईल म्हणून हे लिहितोय. क्लासवाले अभ्यास कसा करायचा ते सांगतात, कागद कसे जमवायचे ते सांगत नाहीत. माझी दोन वर्षं तिथंच गेली.

आमचं गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आजोबांचा भात आणि नाचणी-वरीचा संसार. धरणाचं पाणी चढायच्या आत, साठ सालच्या आसपास, गाव उठलं. कोयनेची माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी चहूकडे पांगली. आम्ही रायगडात आलो. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. राज्याचा पहिला कायदा १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. कोयना या सगळ्यांच्या आधीची. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला दिला की सरकारचं काम संपलं, असा तो काळ. पर्यायी जमीन मिळाली ती खडकाळ, आणि तीही भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, की बँक सहजी उभं करत नाही. आजोबांनी चार पावसाळे काढले आणि दोन्ही मुलांना मुंबईला धाडलं. जावळी-पाटणच्या माणसाला मुंबईत एक वाट ठरलेली होती: डोक्यावर हमाली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच; १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा कुठं या कामाला हजेरी, रजा, फंड आले. थोरले चुलते आणि वडील, दोघंही पुढं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. माझं शिक्षण त्या पाठीवर झालंय.

बी.कॉम. झाल्यावर मीही मार्केटमध्येच एका गाळ्यावर कारकुनीला लागलो. पहाटे चारला गाड्या लागायच्या, अकराला मोकळा. दुपारी अभ्यासिका. तिथं एका पोरानं विचारलं, "तुझ्याकडं पीएपी सर्टिफिकेट नाही? कोयनेचा ना तू?" सरकारी भाषेत आपण प्रकल्पग्रस्त, सगळीकडं तोंडी मात्र पीएपी. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की घरात कुणाचा तरी 'दाखला' आहे आणि त्यावरून दिवाळीत भांडण होतं.

हे आरक्षण नेमकं काय ते आधी समजून घ्या, कारण अर्धी माणसं इथंच चुकतात. गट क आणि गट ड च्या पदांत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के आणि भूकंपग्रस्तांना २ टक्के जागा असतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयनेच्या भूकंपाचे आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचे बाधित त्या दुसऱ्या रकान्यात येतात. ही समांतर आरक्षणं. म्हणजे आपण ज्या सामाजिक प्रवर्गात असू त्याच प्रवर्गाच्या जागांतून हे ५ टक्के मोजतात. त्यामुळे जाहिरात निघाली की एकूण पदांचा आकडा बघून हुरळू नका. खाली जो मोठा तक्ता असतो त्यात आपला प्रवर्ग आडवा आणि 'प्रकल्पग्रस्त' उभा धरून जिथं बोट टेकेल तो आकडा आपला. कित्येक जिल्ह्यांत तिथं शून्य असतं, नाहीतर एक. २०२३ ला ४,६४४ पदं होती, अर्ज दहा लाखांवर गेले, आणि अर्ज एकाच जिल्ह्यात करता येत होता. मी तो तक्ता तीन रात्री घेऊन बसलो होतो. घराजवळचा जिल्हा सोडला आणि जिथं खुल्या प्रवर्गात आमच्या रकान्यात जागा दिसल्या तिथं फॉर्म भरला. आईला अजून वाटतं मी लांब जायची हौस म्हणून गेलो.

आणखी एक फायदा म्हणजे वयोमर्यादा. प्रकल्पग्रस्ताला ४५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. आमच्या घरच्या भांडणाचं मूळ याच ४५ मध्ये होतं.

नियम असा की एका कुटुंबातून एकालाच नोकरीचा लाभ. दाखला आमच्या थोरल्या चुलत्यांच्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या नावावर होता. त्यानं तीन-चार भरत्या दिल्या, दोनदा थोडक्यात राहिला, मग लग्न, मुलं, आणि तोही माथाडीत. मी अभ्यासाला लागलो तेव्हा तो त्रेचाळीसचा. दाखला हस्तांतरित करता येतो, पण ज्याच्या नावावर आहे त्यानं तो सोडायचा आणि बाकीच्या वारसांनी ना हरकत द्यायची. वर्षभर मी विषयच काढला नाही. काढला तोही चुकीच्या जागी, लग्नाच्या पंगतीत. वहिनी ताट ठेवून उठल्या. त्यांचं बरोबरच होतं. सरकारनं त्या घराला दिलेली एकच वस्तू मी मागत होतो, आणि तीही जेवता जेवता.

पुढं दादा स्वतःच एकदा गाळ्यावर आला. पहाटेची वेळ, अंगावर गोणपाटाची धूळ. म्हणाला, "माझ्या अजून दोन भरत्या होतील न होतील. तुझा अभ्यास चाललाय. पण लागलास तर माझ्या पोरांच्या शिक्षणाला मागं सरू नकोस." एवढंच. चहा न पिता गेला. संमतीपत्रावर सही करताना मात्र त्यानं दोनदा पेन खाली ठेवलं. तो कागद तुम्ही कुणाकडून घेणार असाल तर आधी घरात बसून नीट बोला. कायद्यानं ती ना हरकत असते. घरात ती वाटणी असते.

आता कागद. दाखला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पुनर्वसन शाखेतून मिळतो, आणि जमीन ज्या जिल्ह्यात गेली त्या जिल्ह्याच्या नोंदी लागतात, आज तुम्ही राहता तिथल्या नव्हे. लागतं काय, तर भूसंपादनाच्या निवाड्याची (कुणाची किती जमीन गेली आणि मोबदला किती, हे ठरवणाऱ्या आदेशाची) नक्कल, संपादनापूर्वीचा सातबारा आणि तुमचं नाव कमी झाल्याचा फेरफार, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, वारसांच्या संमत्या. दाखला आधीच कुणाच्या नावावर असला तरी हस्तांतराच्या वेळी फाइल पुन्हा तपासतात. दादाच्या वेळची फाइल सापडेना, म्हणून आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

घरात पत्र्याची ट्रंक असेल तर आधी ती उघडा. आमच्याकडं कलम १२(२) ची पिवळी पडलेली नोटीस निघाली, निवाडा झाल्याचं कळवणारी. घडीवर फाटलेली, पण निवाड्याचा क्रमांक शाबूत. तो क्रमांक नसता तर अभिलेख कक्षात आम्ही काय सांगून शोधायला लावणार होतो? गाव नकाशावर नाही आणि गट नंबर कुणाला माहीत नाही.

क्रमांक मिळूनही काम अडलं. निवाड्याच्या यादीत आमचं नावच दिसेना. आजोबांचं नाव रघुनाथ, आडनावासकट, असं आम्ही सगळ्या अर्जांत लिहिलेलं. कारकून दोनदा यादी चाळून म्हणाला, नाही. तिसऱ्या खेपेला मी आजीला सोबत नेलं. नव्वदीच्या घरातली बाई, एसटीत उलटी झाली, तरी आली. बाकावर टेकल्या टेकल्या तिनं विचारलं, "हिरड्याचा टेंब लिवलाय का त्येच्यात?"

कारकुनानं मान वर केली. जुन्या सातबाऱ्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. आपण तो कधी वाचत नाही. त्यानं तो रकाना धरून पानं उलटली आणि हिरड्याचा टेंब सापडला. समोर खातेदार: राघू धोंडू. आडनाव नाही. आजी म्हणाली, "राघूच म्हनायचे समदे. रघुनाथ त्यास्नी मुंबईत क्येलं." म्हणजे वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी आजोबांचं नाव 'नीट' करून लिहिलं होतं, आणि साठ वर्षांनी त्या नीटपणाची किंमत आम्ही मोजत होतो. मग 'राघू धोंडू आणि रघुनाथ धोंडिबा हे एकच इसम' असं प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोन जुन्या माणसांचे जबाब, पुन्हा तीन महिने. आज तलाठी म्हणून कुणाचंही नाव फेरफारला घेताना माझा हात एकदा थांबतो, तो तेव्हापासून.

काही बारीक गोष्टी अनुभवावरून. नक्कल मिळाली की लॅमिनेशन करू नका, शिक्का दिसत नाही म्हणून परत पाठवतात. प्रत्येक कागदाच्या तीन नकला एकदमच काढा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि त्यावर आवक क्रमांक लिहून घ्या. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. भांडायचं नाही, फक्त 'माझ्या अमुक अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारायचं. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात, तेव्हा एसटीत बसण्याआधी ते बघा. "पन्नास हजारांत दाखला काढून देतो" म्हणणारा भेटेलच. नेमणुकीच्या वेळी दाखल्याची पडताळणी जिथून तो दिला त्या कार्यालयाकडूनच होते, आणि खोटा निघाला तर नोकरी जातेच, गुन्हाही दाखल होतो. सगळ्यात महत्त्वाचं, दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत हातात हवा आणि फॉर्ममध्ये 'प्रकल्पग्रस्त: होय' तेव्हाच भरायला हवं. नंतर कितीही रडलं तरी दावा धरत नाहीत.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन, प्रत्येकी २५ असे १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. पदवी हवी. आमची परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये पुष्कळ सत्रांत झाली, म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांतले गुण एका पातळीवर आणले, आणि काहींना २०० पैकी २०० च्या वर गुण दिसल्यावर राज्यभर गदारोळ उठला. त्याचा अर्थ लावत बसू नका, डोकं दुखतं. माझं इंग्रजी कच्चं होतं, त्याला रोज दीड तास दिला आणि गणितात रमणं बंद केलं. प्रकल्पग्रस्तांचा कट-ऑफ कमी लागतो म्हणून कमी अभ्यास करणारे मी पाहिलेत. एक जागा आणि तिच्यामागं शंभर दाखलेवाले असले की तो काही फार कमी लागत नाही.

सामान्य ज्ञानात एक प्रश्न हमखास तयार ठेवतात: मुळशी सत्याग्रहाचे नेते कोण? उत्तर, सेनापती बापट, साल १९२१. अभ्यासिकेतली पोरं हे एका दमात म्हणायची. मला त्यावर दर वेळी थोडं अडखळायला व्हायचं. धरणाखाली जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांची शंभर वर्षांपूर्वीची लढाई, आणि तिचे दोन गुण.

२०२४ मध्ये नेमणुकीचा कागद आला तेव्हा आजी नव्हती. वहिनींनी पेढे वाटले, वडिलांनी मार्केटमध्ये. दादा त्या दिवशी पाळीवर होता, रात्री फोन केला, "सजा कुठली मिळाली?" एवढंच विचारलं. सजा म्हणजे तलाठ्याकडं सोपवलेली गावं.

दादाला दिलेला शब्द आतापर्यंत तरी पाळतोय. त्याचा थोरला बारावीला आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार. मध्यंतरी त्यानं विचारलं, "काका, तो दाखला आता आमच्या कामाचा नाही ना?" मी म्हणालो, नाही. तो लाभ माझ्यावर संपला. त्यानं मान हलवली आणि मोबाइलमध्ये बघत बसला. यावर आणखी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

परवा कॉलेजच्या कसल्याशा प्रकल्पासाठी म्हणून तो कागदांची फाइल घेऊन गेला. मी दहा वेळा बजावलं, लॅमिनेशन करू नकोस. नाही केलं. फाइल जशीच्या तशी परत आली, फक्त कव्हरवर त्यानं जाड पेनानं शेताचं नाव लिहिलं होतं: 'हिरड्याचा टेंभ'. मी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि मग बघितलं, शाई पक्की होती.