बडोदा ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

दांडिया बाजारातल्या घरातून निघून लंडनला मुलीच्या दारात पोचायला किती तास लागतील, हे तिकिटावरून कळत नाही. अंतर, उड्डाणाचा वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ, असे तीन हिशेब वेगळे करा.

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, ती हमखास फसवते. पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घ्या. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून मोजा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी. दोरा ९४ सेंमी भरला, तर ४०,००० भागिले ९४, म्हणजे १ सेंमीला सुमारे ४२५ किमी. आता दोरा बडोद्यापासून लंडनपर्यंत ताणून धरा. ढिला राहिला तर अंतर फुगतं. साधारण १६.४ सेंमी येतील, म्हणजे ६,९७० किमी.

दोरा कुठून जातो तेही बघा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, पुढे युक्रेनची दक्षिण बाजू. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाली, पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. वाटेतली हद्द बंद असली की विमानाला वळसा पडतो, म्हणून दोऱ्याचं अंतर हे कमीत कमी अंतर समजा.

आता वेळ. अहमदाबादहून थेट विमान धरू. तिथून लंडन ६,८७० किमी. विमानाचा वेग ताशी ८५० किमी धरला, तर भागिले ८५०, म्हणजे आठ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं याचा अर्धा तास. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना आणखी एक तास. येताना तो लागत नाही. वळशासह जाताना दहा तास धरा.

सगळ्यात जास्त चुका घड्याळात होतात. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुपारी २ ला सुटून संध्याकाळी ६:३० ला पोचणारं विमान साडेचार तासांचं नसतं. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून ४:३० अधिक ५:३०, दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासच असतो.

मुंबईमार्गे जाणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं असली की बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, शिवाय देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरलं तर टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने जावं लागतं. मध्ये निदान चार तास ठेवा.

शेवटी बेरीज. बडोद्याहून अहमदाबाद विमानतळ गाडीने अडीच तास धरा, विमानतळावर तीन तास आधी, उड्डाण दहा, तिथे इमिग्रेशन आणि बॅगा दीड, शहरात एक: एकूण अठरा तास. दुपारी २ च्या विमानासाठी घर सकाळी ८:३० ला सोडा. मुलीच्या घरी रात्रीचे नऊ वाजतील, तेव्हा बडोद्यात रात्रीचे अडीच. पोचल्याचा फोन कुणाला करायचा, ते आधीच ठरवून निघा.