पणजीच्या कॅसिनोत नोकरी लागली? खोली घेण्याआधी नदी बघा

पोळ्यासाठी चार दिवस घरी, नागपूरच्या मानेवाड्याला आलोय. पावसाळ्यात गोव्यात गर्दी कमी, म्हणून सुट्टी मिळाली. दिवाळी-नाताळात आमच्या कामात सुट्टी विसरायची, हे तुमच्याही घरी आधीच सांगून ठेवा. आल्या दिवशीच गल्लीतला एक मुलगा भेटायला आला. हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पणजीच्या कॅसिनोत ट्रेनी डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, म्हणून निवड झाली आहे. मोबाइलवर नकाशा उघडून मला म्हणाला, "दादा, बेतीत खोली मिळून राहिली आहे. जहाजाच्या अगदी समोर. टोकन पाठवून देऊ का?"

माझ्या पोटात गोळा आला. तीन वर्षांपूर्वी मीही बेतीतच खोली घेतली होती. हाच नकाशा बघून, हाच हिशेब करून. त्या संध्याकाळी त्याला दोन तास जे समजावलं तेच इथे लिहितोय. मुलाखत कशी द्यायची, पत्ते कसे वाटायचे, यावर लिहीत नाही. पत्ते, चिप्स, रूलेचं चाक हे सगळं तिथे शिकवतात आणि मेहनत घेतली की येतं. राहायचं कुठे, हे मात्र कोणीच शिकवत नाही.

पणजीतले मोठे कॅसिनो मांडवी नदीत उभ्या केलेल्या जहाजांवर आहेत. त्यामागे कायदा आहे. गोव्याच्या 1976 च्या जुगारबंदी कायद्यात 1992 साली बदल झाला आणि पंचतारांकित हॉटेलांना यंत्रावरच्या खेळांची मुभा मिळाली. 1996 मध्ये जहाजांना टेबलावरचे खेळही चालवता येऊ लागले. म्हणून डीलरची नोकरी म्हटली की बहुतेक वेळा जहाज, जहाज म्हटलं की जेटी, आणि जेटी आहे पणजीच्या काठावर. तिथून छोट्या बोटीने कर्मचारी जहाजावर जातात आणि त्याच बोटीने परत येतात. नाव गोव्याचं असलं तरी तुमचं रोजचं जाणं-येणं समुद्राशी नाही, नदीशी आहे.

आता बेती. पणजीच्या बरोबर समोर, मांडवीच्या पलीकडच्या काठावरचं गाव. नकाशावर बोट ठेवलं तर एका टोकाला खोली, दुसऱ्या टोकाला जहाज. मध्ये फेरीबोट चालते, पायी माणसाला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे. भाडं पणजीपेक्षा कमी. मी बघायला गेलो ती दुपारची वेळ होती. फेरीत वारा लागत होता, कॅसिनोची जहाजं हाताच्या अंतरावर दिसत होती. त्याच दिवशी दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं, अकरा महिन्यांच्या करारावर सही केली आणि आईला फोन करून सांगितलं की घरातून ऑफिस दिसतं.

ड्युटी संध्याकाळी सुरू व्हायची. जाताना फेरी मिळायची. पण आमचं टेबल बंद व्हायचं रात्री दोन-अडीचला. मग चिप्सची मोजणी, सह्या, कपडे बदलणं, बोटीची वाट बघणं. पणजीच्या जेटीवर पाय ठेवेपर्यंत तीन वाजलेले. त्या वेळी फेरी बंद असते. फेरी बंद म्हणजे बेतीला जायला एकच वाट: जेटीपासून पुलाजवळच्या पाटोपर्यंत मागे चालत जा, पूल चढा, पलीकडे उतरा, मालिमच्या मासळी जेटीवरून वळसा घालून गावात या. जाताना पाच-सात मिनिटं, येताना पाच किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहापर्यंत जेटीवर बसून राहणं हा दुसरा पर्याय. मी दोन्ही केलं.

कंपनीचा ड्रॉप होता, म्हणजे ड्युटीनंतर घरी सोडणारी गाडी. मुलाखतीत मी विचारलंही होतं, "ड्रॉप आहे का?" "आहे," असं उत्तर मिळालं. कुठपर्यंत आहे, ते मी विचारलं नाही. गाडी पूल ओलांडत नव्हती.

इथे थोडं जास्त खोलात जातो, कारण हे नुसतं वाचून पटत नाही. आपण नागपूरची माणसं. आपल्याकडे झिरो माइलपासून कुठल्याही दिशेला निघालं की नकाशातलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर जवळजवळ सारखंच. नाग नदी आपण दिवसातून दहा वेळा ओलांडतो, लक्षातही येत नाही. नदी आडवी येते म्हणजे काय, हे आपल्या अंगातच नाही. फार तर नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की जो वळसा पडतो तेवढीच आपली ओळख. मांडवी तशी नाही. तिथे दुचाकी नेता येईल अशी जागा शोधावी लागते. 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. खालचे जुने पूल वापरायचे. नकाशा ॲप कारच्या हिशेबाने बघितलं तर ते वेगळाच रस्ता दाखवतं, हेही मी पहिल्या आठवड्यात चुकून शिकलो.

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पडतो, आपल्या नागपूरच्या अडीच पट. जुलैत एका रात्री पुलाच्या मध्यावर असताना आडवा पाऊस सुरू झाला. छत्रीचा उपयोग नव्हता. दहा तास उभं राहून ड्युटी केलेली, पाय सुजलेले, खाली काळं पाणी. खोलीवर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. तापाने चार दिवस पडलो, ट्रेनिंगचे चार दिवस गेले आणि माझ्या बॅचची परीक्षा माझ्याशिवाय झाली. टेबल मिळायला इतरांपेक्षा दीड महिना उशीर लागला. खोलीच्या भाड्यात वाचवलेले पैसे एका झटक्यात गेले.

म्हणून खोली निवडताना ड्युटीला जायला किती वेळ लागतो हे बघूच नका. ड्युटी संपून दाराला आतून कडी लावेपर्यंत किती वेळ लागतो, ते बघा, आणि तेही रात्री तीन वाजता, पावसात, गाडीविना. बसवर भिस्त ठेवू नका, कदंबच्या असोत की खाजगी, त्या वेळी नाहीत. पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, दिवसा खूप कामाचे, पण रात्री तीनला स्टँडवर कोणी नसतं. ओला-उबरची सवय नागपुरात ठेवून या, गोव्यात त्या चालत नाहीत. तिथलं गोवामाइल्स ॲप आहे, ते जरूर टाकून ठेवा, पण रोज टॅक्सीने घरी जाण्याइतका ट्रेनीचा पगार नसतो.

मग राहायचं कुठे? सध्या मी भाटल्याला राहतो आणि माझं मत तिकडेच झुकतं. पणजी शहरातच, दाट वस्ती, खोल्या लहान, पण जेटीपासून पायी पंचवीस मिनिटं. गल्लीत रात्री दिवे असतात, आमच्यासारखे उशिरा येणारे बरेच, त्यामुळे रात्री तीनला कोणी डोळे वटारत नाही. मळा आणि फोन्तेन्हास त्याहून जवळ आहे, रंगीत जुनी पोर्तुगीज घरं बघून मन हरखतं, पण तिथली बरीच घरं आता पर्यटकांसाठी गेस्ट हाउस झाली आहेत, आणि मळ्याच्या सखल भागात जोराच्या पावसात पाणी भरतं. तळमजला नकोच. सांतइनेज सोयीचं, बाजार जवळ, मुलींसाठी पीजी शोधायला मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन.

रायबंदर मला मनापासून आवडतं. मांडवीच्या कडेने जाणारा बांधाचा रस्ता आहे, सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. गाव शांत, घरमालक मायाळू. पण रात्री त्या लांबलचक बांधावर वारा आणि तुम्ही, दोघंच. स्वतःची गाडी असेल तरच. मेरशी, सांताक्रूझ, चिंबल इथे भाडं कमी आणि आपल्यासारखी बाहेरून आलेली माणसं पुष्कळ, तिथेही तेच, गाडी हवी. ताळगाव, करंजाळे सपाट रस्त्यावर आहेत, नदी ओलांडायची नाही, दोघांनी मिळून फ्लॅट घेतला तर चांगलं जमतं.

पर्वरी पुलापलीकडे आहे. गाडी असली तरी पहिल्या वर्षी नको. आणि कळंगुट-बागा तर मुळीच नको. पंधरा किलोमीटर, वर तिथले काही मालक पावसाळ्यात स्वस्तात खोली देतात आणि ऑक्टोबरात सीझन लागला की खाली करायला सांगतात. बीचजवळ राहायची हौस सुट्टीच्या दिवशी मिरामारला जाऊन भागते.

आता सल्ला कोणाचा घ्यायचा. मला बेती सुचवणारे आमचेच एक सीनियर होते, विदर्भातलेच, मनाने अतिशय चांगले. त्यांनी फसवलं नाही. ते हिशेब विभागात होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्यांच्यासाठी बेती खरोखर उत्तम होती, फेरीने जायचे, फेरीने यायचे. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: ज्याची पाळी तुमच्या पाळीशी जुळत नाही, त्याला खोलीबद्दल विचारूच नका, तो सख्खा भाऊ असला तरी. हाउसकीपिंगच्या आणि किचनच्या लोकांना विचारा. ते शेवटच्या बोटीने उतरतात, त्यांना कोणत्या गल्लीत कुत्री मागे लागतात हेसुद्धा माहीत असतं. माझी भाटल्याची खोली भांडी घासणाऱ्या विभागातल्या एका काकांनी दाखवली. दलालाला एक रुपया गेला नाही.

नागपुरातून फोटो बघून टोकन पाठवू नका. कुणी कितीही म्हणो, "आज नाही पाठवलं तर जाईल." जाऊ द्या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यालाही तेच उत्तर. पहिले आठ दिवस डॉर्मिटरीत काढा आणि त्या आठ दिवसांत एकदा, ड्युटी संपल्यावर, ज्या खोलीचा विचार आहे तिथपर्यंत चालून बघा. करार करताना पोलीस पडताळणीचा फॉर्म घरमालकाकडून भरून घ्या, गोव्यात भाडेकरूंसाठी ती सक्तीची आहे. आधारची प्रत आणि फोटो जवळ ठेवा. खोली लवकर सोडली तर डिपॉझिटमधून किती कापणार, हे कागदावर लिहून घ्या. माझं तोंडी होतं, अर्धं गेलं.

गाडी न्यायची असेल तर रेल्वे पार्सलने जाते. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते. पण पहिल्या महिन्यात नेऊ नका. रात्रपाळी करून, झोप डोळ्यावर घेऊन, अनोळखी ओल्या रस्त्यावर गाडी चालवणं धोक्याचं आहे, मी दोन मुलांना हॉस्पिटलात भेटून आलोय. आधी शरीराला पाळीची सवय होऊ द्या.

घाबरायचं कारण नाही. ही नोकरी चांगली आहे, शिस्त शिकवते, हात आणि डोकं दोन्ही तेज होतात, आणि पणजीची माणसं मोडक्या कोकणीत बोललात तरी सांभाळून घेतात. बेतीतून भाटल्याला सामान हलवल्यानंतरच्या महिन्यात मी पहिल्यांदा सलग सात तास झोपलो आणि पुढच्या परीक्षेत बॅचमध्ये दुसरा आलो. मी तोच, काम तेच, रस्ता तेवढा बदलला होता.

त्या मुलाने टोकन पाठवलं नाही. त्याची आई मात्र काळजीत होती, पोरगा उतरल्या रात्री जाणार कुठे म्हणून. त्यांना सांगितलंय, मी परत जाईपर्यंत तो माझ्या खोलीवर राहील. किल्ली खालच्या मावशींकडे आहे, गादी भिंतीशी गुंडाळून ठेवली आहे, आणि जेटीपासून घरापर्यंतची वाट मी त्याला कागदावर काढून दिली आहे, पूल न ओलांडता.