कवितेला विषय सुचत नाही? एक वस्तू पकडा

विषय सुचत नाही म्हणून कविता अडते असं बरेच जण म्हणतात, मला उलट वाटतं, विषय फार मोठा घेतला की अडते. प्रेम, दुःख, आठवण असलं काही डोक्यात ठेवून बसलं की तेच ते घासून गुळगुळीत झालेले शब्द येतात. त्यापेक्षा एखादी वस्तू घ्या, तुम्ही स्वतः नीट बघितलेली.

माझंच सांगते. आजोबा गेले तेव्हा 'तुमची खूप आठवण येते' छापाच्या पानभर ओळी लिहिल्या, एकही धड उभी राहीना. मग एकदा दाराशी त्यांची चप्पल दिसली, अंगठ्याच्या जागी दबून खळगा पडलेला, आणि तो खळगा बघून जे पोटात कालवलं ना ते त्या पानभर ओळींत कुठेच नव्हतं. तेवढंच वहीत टिपून ठेवलं. नंतर ते अभंगाच्या मापात बसवलं:

दाराशी चप्पल
कुणीच घालेना
खळगा भरेना
अंगठ्याचा

हे माप शिकायला खरंच सोपंय. 6, 6, 6 आणि 4 अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. लघु-गुरू, म्हणजे उच्चाराला आखूड अक्षर कुठलं आणि लांब कुठलं, ते बघायची गरज नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. हात बसला की मग भुजंगप्रयातासारखं वृत्त घ्या, त्यात ओळीला 12 अक्षरं आणि लघु-गुरू-गुरू असं 4 वेळा, इथे मात्र कानाची परीक्षा असते. मुक्तछंद, म्हणजे ठरावीक मापाशिवायची कविता, लिहायचा असेल तरी हे करा, कारण कुठला शब्द जड पडतोय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

यमकासाठी अर्थ वाकवू नका प्लीज. यमक जुळत नसेल तर आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द बदला, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा, आणि मग आठ दिवस वही उघडू नका. परत बघाल तेव्हा पहिल्या दोन ओळी झाकून वाचा, कविता बऱ्याचदा तिसरीपासून सुरू होते, आधीचं सगळं आपण नुसता घसा साफ करत असतो. शेवटची ओळ अर्थ समजावून सांगत असेल तर तीही काढा. चपलेच्या कवितेत मी शेवटी 'तुम्ही परत या' लिहिलं होतं, ते खोडलं.