टेबलवरून स्विचचं कॉन्फिग काढताय? या चुका टाळा

ग्रामपंचायत, झेडपीची शाळा, आरोग्य केंद्र, सगळ्यांच्या नेटवर्क स्विचचं कॉन्फिग (सेटिंगच्या कमांडची यादी) हाताने टाइप करून राहिले असाल तर बंद करा. साध्या टेक्स्ट फाइलीत एक टेबल ठेवा अन् पायथन-जिंजा (जिंजा म्हणजे टेम्प्लेटच्या साच्यात व्हॅल्यू भरणारी लायब्ररी) किंवा ईमॅक्स एडिटरच्या ऑर्ग मोडने त्यातूनच सगळं काढा, पद्धत लय कामाची आहे. पण टेम्प्लेटमधली एक चूक एकदमच सगळ्या गावांत जाते, अन् परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला फक्त कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची) लावायला जायचं म्हणजे दिवस गेला.

सगळ्यात फसवी चूक मराठी कीबोर्डची. व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) नंबरच्या खान्यात कोणी देवनागरी आकड्यात २० टाकलं तर पायथनचं इंट (int) फंक्शन ते बिनबोभाट वीस धरते, आकडाच आहे का तपासणारं इझ-डिजिट (isdigit) पण हो म्हणते, म्हणजे तुमचं चेकिंग पास. पण टेम्प्लेटमध्ये मूळ स्ट्रिंगच गेली तर कॉन्फिगमध्ये देवनागरी आकडे उतरतात आणि स्विच ती ओळ घेतच नाही, बाकीच्या ओळी मात्र घेऊन टाकते, म्हणून अर्धवट कॉन्फिग होऊन बसते. इंटमधून निघालेली व्हॅल्यूच टेम्प्लेटला द्या, १ ते ४०९४ मध्ये आहे का पाहा, अन् तयार फाइलीत फक्त साधी इंग्रजी अक्षरं-आकडेच आहेत का ते इझ-ॲस्कीने (isascii) तपासा. वर्डमधून कॉपी करताना आलेला नॉन-ब्रेकिंग स्पेस डोळ्याला दिसत नाही, तोही यातच सापडते.

मास्कसाठी (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) वेगळा कॉलम ठेवूच नका. शेवटी नेटवर्कचा असा एकच खाना पुरे:

| Harisal-School | 30 | 10.20.30.0/26 |

२५५.२५५.२५५.१९२ हा मास्क अन् एसीएलला (कोणाला जाऊ द्यायचं त्या नियमांच्या यादीला) लागणारा ०.०.०.६३ हा वाइल्डकार्ड, म्हणजे उलटा मास्क, दोन्ही पायथनचं आयपी-ॲड्रेस मॉड्यूल काढून देते. नेटवर्कच्या जागी चुकून होस्टचा (एकाच यंत्राचा) पत्ता टाकला तर एरर पण देते, आणि दोन गावांचे सबनेट (पत्त्यांचे गट) एकमेकांवर चढले का तेही ओव्हरलॅप्सने तपासता येते.

सिस्कोच्या स्विचवर ट्रंकला (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टला) नवीन व्हीलॅन देताना 'अलाउड व्हीलॅन'च्या पुढे 'ॲड' राहिलं तर जुनी यादी पुसून फक्त नवीनच उरते, मॅनेजमेंटचा व्हीलॅन पण गेला अन् तुमचा रिमोट ॲक्सेस पण. टेबलमध्ये पूर्ण यादी असेल तर पूर्णच पाठवा, एखादा वाढवायचा असेल तर ॲड पाहिजेच पाहिजे.

जिंजात कॉलमचं नाव चुकलं तर तो गुपचूप रिकामी जागा सोडते, काहून विचारत बसण्यापेक्षा स्ट्रिक्ट-अनडिफाइन्ड (नाव सापडलं नाही तर एरर देणारी सेटिंग) आधीच लावा. पण टेबलमधला रिकामा खाना म्हणजे रिकामी स्ट्रिंग, ती स्ट्रिक्टमधूनही पास होते, तिच्यासाठी चेक वेगळा लिहा. ऑर्गमध्ये हेडरखाली आडवी रेघ नसेल अन् कोलनेम्स येस पण दिलं नाही तर हेडरची ओळ पण डेटा म्हणून जाते. आणि टेबल एक्सेलमध्ये उघडू नका बाप्पा, १/२ पोर्टची तारीख होऊन जाते.

लांबच्या स्विचवर आधी 'रीलोड इन १०' मारा, मगच कॉन्फिग टाका. लिंक तुटली तर १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह कॉन्फिगवर परत येते. सगळं नीट दिसलं की 'रीलोड कॅन्सल' करा, त्यानंतरच सेव्ह. अन् घाईत कोणी स्विचवर हाताने काही बदललं असेल तर त्याच दिवशी टेबलमध्ये चढवा, नाहीतर पुढच्या वेळी टेबलमधलं जुनंच परत स्विचवर जाईल.